सूक्ष्मजीवांची भूक आणि विजेचा जमाखर्च



विद्यापीठाची सनद घेऊन तुम्ही उद्या ज्या कारखान्यांत, प्रयोगशाळांत वा सरकारी कचेऱ्यांत रुजू व्हाल, तेथे इंधनाचा प्रश्न कोणत्या ना कोणत्या रूपाने तुमच्या पुढ्यात येणारच. म्हणून उपदेश बाजूस ठेवून, जिच्याविषयी मला मनापासून आस्था आहे अशा एका विद्येची हकिकत सांगण्याची मी अनुज्ञा घेतो.

इटलीतील मॅजोरे सरोवराच्या चिखलातून निघणारा वायू आलेस्सांद्रो व्होल्टा यांनी १७७६ साली गोळा केला आणि तो जळतो हे दाखविले. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठाश्रमात १८९७ मध्ये मैल्यापासून निघालेल्या वायूवर दिवे लागले. दोन्हीकडे मिथेन घडविणारे जीव एकाच कुळातले, कुजण्याच्या शेवटच्या पायरीवर उभे असलेले. परंतु त्यांतील काही जातींचा योगक्षेम कुजण्यावाचूनही चालतो : कार्बन डायऑक्साइडचा एक रेणू आणि हायड्रोजनचे चार त्यांच्या हवाली करावेत, की त्या मिथेनचा एक रेणू व पाण्याचे दोन परत करतात आणि या व्यवहारात सुटणाऱ्या अल्पशा ऊर्जेवर आपला संसार करतात. पॉल साबात्ये यांनी निकेलच्या सान्निध्यात शेकडो अंश तपमानावर जी क्रिया घडवून आणली, तीच हे जीव साठ-पासष्ट अंशांवर उरकतात. आणि ज्या गंधकयुक्त वायूने निकेल निकामी होते, तोही बऱ्याच अंशी सहन करतात.

कोपनहेगनजवळच्या आवेदोर येथील सांडपाणी-शुद्धीकरण केंद्रात हा प्रयोग मोठ्या प्रमाणावर झाला. पाण्याचे विद्युत्-अपघटन करणाऱ्या १ मेगावॉट क्षमतेच्या यंत्रातून हायड्रोजन आणि मैल्याच्या वायूतून कार्बन डायऑक्साइड घेऊन, 'मेथॅनोथर्मोबॅक्टर' या जीवाकडून तेथे मिथेन करविण्यात आले.

आता खरी अडचण ऐका. एक लिटर पाण्यात, २५ अंशांवर आणि वातावरणाच्या दाबाला, कार्बन डायऑक्साइड सुमारे दीड ग्रॅम विरघळतो, हायड्रोजन मात्र जेमतेम दीड मिलिग्रॅम. जीव पाण्यात आणि त्याचे अन्न बुडबुड्यात, अशी ही अवस्था; त्यामुळे पात्रात जीव कितीही असोत, उत्पादनाचा वेग बहुधा हायड्रोजन पाण्यात किती त्वरेने उतरतो यावरच मुक्रर होतो. बुडबुडे बारीक करावेत, दाब वाढवावा, जोराने घुसळावे, किंवा सच्छिद्र भरणावरून पाण्याचा पातळ पापुद्रा ओघळत ठेवून वायू त्याच्या सलगीत आणावा, असे उपाय आहेत; पण घुसळण्याला आणि दाबाला वीज लागते, आणि ती हिशेबात धरावीच लागते. येथे काम अडते ते जीवशास्त्रापाशी नव्हे, तर पात्र रचणाऱ्या अभियंत्यापाशी, असे माझे ठाम मत आहे.

मोठा खर्च तर हायड्रोजनचाच. एक किलो मिथेनला अर्धा किलो हायड्रोजन लागतो, तो करण्यास पंचवीसएक युनिट वीज खपते, आणि ते मिथेन जाळून मिळणारी उष्णता सुमारे पंधरा युनिटांची. म्हणून वीज उरते तेव्हा आणि साठवण दीर्घकाळ हवी तेथेच हा मार्ग शोभतो. कोळशाच्या विजेवर तो चालविणे म्हणजे धूर घालवण्यासाठी अधिक धूर करणे होय. शिवाय निसटलेले मिथेन शंभर वर्षांच्या मुदतीत, वजनास वजन, कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट ताप धरते; सांध्यांतून होणारी गळती ज्या ताळेबंदात नाही, तो मी ग्राह्य मानणार नाही.

आपल्या महाराष्ट्रातील साखर कारखान्यांच्या आसवन्यांत मळी आंबवताना जो कार्बन डायऑक्साइड निघतो, तो बहुतांशी शुद्धच असतो. कार्बनची बाजू अशी हाताशी आहे. हायड्रोजनची बाजू दुपारच्या सौरविजेवर आणि गळीत हंगामाच्या मुदतीवर अवलंबून राहील. तुमच्यापैकी जे अशा कारखान्यात रुजू होतील, त्यांनी आंबवण्याच्या टाक्यांवर मापक बसवून वायूची आणि शिलकी विजेची प्रहरवार नोंद पहिल्याच हंगामात ठेवावी, कारण पात्र किती मोठे बांधावे, किंबहुना बांधावे की नाही, याचा निर्णय त्या दप्तरावाचून कोणालाही देता येणार नाही.