यंत्र आणि कारभार
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात झालेले भाषण)



 आपल्या ज्ञातीत दुकानदार आहेत, पेढीवाले आहेत, लहानमोठे कारखानदार आहेत. आणि अलीकडे बहुतेक घरांतून एखादा मुलगा वा मुलगी संगणकाच्या व्यवसायात शिरलेली आढळते. एका वर्गाला आपला कारभार यंत्रावर चढवावयाचा आहे, दुसरा तो चढवून देणार आहे. दोहोंच्याही उपयोगी पडावे असे थोडेसे सांगण्याचा माझा मानस आहे.

व्यापारी हिशेबाचे नित्याचे काम संगणकाकडून करवून घेण्याचा पहिला मान कोणत्याही शास्त्रसंस्थेकडे जात नाही. तो जातो लंडनच्या लायन्स नावाच्या, चहा व केक विकणाऱ्या कंपनीकडे. 'लिओ' नावाचे स्वतःचे यंत्र उभारून तिने नोव्हेंबर १९५१ मध्ये आपल्या भट्टीखात्याचे हिशेब त्यावर सुरू केले. हे यश यंत्राचे खरेच. परंतु त्याचे मूळ त्याच्याही मागे आहे. १९३० नंतरच्या दशकापासूनच या कंपनीत एक स्वतंत्र खाते केवळ एवढेच पाहत असे, की कारकुनाच्या हातचा प्रत्येक कागद कशासाठी लिहिला जातो आणि तो न लिहिला तर काय बिघडेल. म्हणजे यंत्र येण्यापूर्वीच घर झाडून स्वच्छ झालेले होते. अव्यवस्थित कारभारावर यंत्र बसविले, तर तीच अव्यवस्था अधिक वेगाने चालू लागते.

याच कंपनीचे दुसरे उदाहरण पाहा. तिच्या चहागृहांना रोज माल पाठवावा लागे. १९५४ च्या सुमारास तिने असे ठरविले, की प्रत्येक चहागृहाची प्रत्येक वाराची नेहमीची मागणी यंत्रात नोंदलेली असावी आणि तेथील व्यवस्थापिकेने फक्त त्या दिवसापुरता फरक तेवढा दूरध्वनीवरून कळवावा. कामाचा डोंगर एवढ्याने हलका झाला. जे नित्याचे आहे ते यंत्राने करावे, जे अपवादात्मक आहे तेथे माणसाने लक्ष घालावे, हे तत्त्व किराणा दुकानालाही तितकेच लागू आहे.

आता याच्या उलट बाजू पाहू. कॅनडा सरकारने आपल्या सुमारे तीन लाख नोकरांचे पगार वाटण्यासाठी 'फिनिक्स' नावाची नवी व्यवस्था २०१६ मध्ये सुरू केली. खर्च आटोक्यात राहावा म्हणून योजलेल्या ९८४ कामांपैकी शंभरांहून अधिक कामे गाळण्यात आली. मागील थकबाकीचा हिशेब हे त्यांपैकीच एक. लहान प्रमाणावर घ्यावयाची चाचणी रद्द झाली. आणि पगाराचे नियम ज्यांना तोंडपाठ होते अशा अनुभवी नोकरांच्या शेकडो जागा आधीच कमी केल्या गेल्या. परिणामी कोणाला पगार कमी मिळाला, कोणाला जास्त, कोणाला मुळीच मिळाला नाही. २०१८ मध्ये तेथील महालेखापरीक्षकांनी या प्रकरणाची अतिशय कठोर शब्दांत संभावना केली. व्यापाऱ्यांनी यातून एवढे ध्यानात ठेवावे, की जुन्या मुनिमाला निरोप देण्याची घाई करू नये. वहीत न लिहिलेले कितीतरी नियम त्याच्या डोक्यात असतात. कोणत्या गिऱ्हाइकाला किती उधारी द्यावयाची, कोणता माल कधी परत घ्यावयाचा, हे त्याच्यापाशी बसून लिहून घेतल्यावाचून आज्ञावली पुरी होत नाही. नवी वही आणि जुनी वही काही महिने शेजारी शेजारी चालवावी, आणि दोहोंचा मेळ बसल्यावरच जुनी मिटावी.

संगणकाच्या व्यवसायातील तरुणांना एक गोष्ट सांगतो. फ्रेडरिक ब्रुक्स या अमेरिकन तज्ज्ञाने आयबीएमच्या एका प्रचंड आज्ञावलीचे काम सांभाळले आणि १९७५ मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. त्याचे सूत्र असे, की लांबलेल्या कामावर आणखी माणसे लावली तर ते अधिकच लांबते. कारण नव्या माणसाला शिकविण्यात जुन्यांचा वेळ जातो आणि परस्परांशी बोलण्याचा व्याप वाढतो. म्हणून मालकाला खूष करण्यासाठी अशक्य मुदत कबूल करू नका. अडचण दिसताक्षणी ती सांगणे, यात अपमान नाही; लपविण्यात मात्र दोघांचेही नुकसान आहे.

शेवटची गोष्ट नीतीची आहे. ब्रिटनच्या टपालखात्याने १९९९ च्या सुमारास 'होरायझन' ही हिशेबाची व्यवस्था टपालघरांतून बसविली. यंत्राने दाखविलेली तूट खरी मानून लहान टपालघरे चालविणाऱ्यांवर चोरीचे व लबाडीचे खटले झाले. पुढील वर्षांत नऊशेंहून अधिक लोक दोषी ठरले. कित्येक तुरुंगात गेले, कित्येकांचे संसार मोडले. यंत्रातच दोष होते, हे २०१९ मध्ये न्यायालयात सिद्ध झाले, आणि २०२४ मध्ये पार्लमेंटला खास कायदा करून शेकडो शिक्षा रद्द कराव्या लागल्या. उद्या आपल्या दुकानात गल्ल्याची रक्कम आणि पडद्यावरील आकडा यांचा मेळ बसला नाही, तर काउंटरवरच्या पोराकडे संशयाने पाहण्यापूर्वी हे प्रकरण आठवावे. आकडा कोठून आला हे पायरीपायरीने दाखविता येत नसेल, तर तो पुरावा नव्हे.

एकंदरीत, यंत्र विकत मिळते. समजूत विकत मिळत नाही. ज्या घरात एक पिढी व्यापार जाणते आणि दुसरी पिढी यंत्र जाणते, त्या घरात ही समजूत एका जेवणाच्या पंगतीत बसून साधता येईल. बाप व मुलगा, सासू व सून यांनी एकमेकांचे काम आस्थेने विचारावे, एवढीच माझी विनंती आहे.