मालकाची सुट्टी
(बेळगाव येथील व्यापारी सभासदांच्या मेळाव्यातील भाषण)



मी बँकेत कारकून. काउंटरच्या अलीकडून आपल्या गल्ल्यांतले दुकानदार रोज पाहतो. भरणा करायला येतात तेव्हा एक डोळा घड्याळावर. "साहेब, लवकर करा, दुकान उघडं टाकून आलोय." परवा एका काकांचा सही करताना हात थरथरत होता. बीपीची गोळी चार दिवस घेतली नव्हती; आणायला सवड नाही म्हणाले. औषधाचे दुकान बँकेसमोरच!

कर्नाटकाच्या १९६१ च्या दुकाने कायद्याने नोकराला आठवड्याची सुट्टी दिली. आम्हा बँकवाल्यांना सप्टेंबर २०१५ पासून दुसरा व चौथा शनिवारही मिळतो. मालकाला सुट्टी कोण देणार? आपण बंद ठेवले तर गिऱ्हाईक शेजारी जाईल, ही धास्ती. शेजाऱ्यालाही तीच!

पण १ नोव्हेंबरला काळ्या दिनी आपण शटर खाली ओढतो, तेव्हा ही धास्ती कुठे जाते? सगळे मिळून बंद ठेवतो, म्हणून ती उरत नाही.

मग तीच एकी स्वतःच्या प्रकृतीसाठी का नको? प्रत्येक गल्लीने आठवड्याचा एक वार ठरवावा आणि तो पाळावा. त्या दिवशी उधारीची वही घरी आणू नये. बीपी, साखर तपासून घ्यावी, मुलांबरोबर बसून जेवावे.

सीमाप्रश्नाचा लढा १९५६ पासून चालू आहे. तो पुढे न्यायला माणसे धडधाकट हवीत. जाण्यापूर्वी आपल्या गल्लीचा वार कार्यवाहांकडे लिहून द्या.

जय महाराष्ट्र!