पोटरीत ‘कट्’ झालं तर काय करायचं?

(पावस परिसरातल्या बचत गटांच्या सभेत आरोग्य या विषयावर झालेलं भाषण. ज्या सख्यांना येता आलं नाही, त्यांच्यासाठी इथे देत आहोत.)



लावणी आटोपली, श्रावण लागला. आता रोज संध्याकाळी कुणाच्या ना कुणाच्या पडवीत फुगडी, झिम्मा, पिंग्याचा सराव सुरू होईल. काही गटांनी सकाळचं चालणं आणि योगासनंही धरली आहेत. फार चांगलं आहे.

“आम्ही दिवसभर राबतो, आम्हाला काय होतंय?” असं बऱ्याच जणी म्हणतात. पण राबणाऱ्या शरीराला वाकायची, उचलायची सवय असते. एकदम गिरकी, उडी, बसफुगडीतला जोर याची नसते. त्यातून चाळिशी उलटली की पोटरीचा स्नायू अशा झटक्याने लवकर ताणला जातो. म्हणून आज हा विषय.

आधी दुखणं ओळखा. पहिल्यांदाच व्यायाम केला आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दोन्ही मांड्या सारख्याच ठणकल्या, तर ती इजा नाही. ते चार-पाच दिवसांत आपोआप जातं, हलकं चालत राहा. रात्री पायात गोळा आला, म्हणजे वांब आला, तर पायाचा चवडा हळूहळू आपल्याकडे ओढा, तो सुटतो. पण खेळताना एकाच जागी अचानक कळ आली, मागून कुणी काठी मारल्यासारखं वाटलं, पाऊल टाकताना तिथेच दुखायला लागलं, तर स्नायू ताणला किंवा थोडा फाटला असं समजा. घोटा किंवा गुडघा वळून सुजला, तर ते मुरगळणं. पहिल्या तीन दिवसांची काळजी दोन्हींची सारखीच.

पहिले तीन दिवस

सर्वात आधी थांबा. “एवढी फुगडी पुरी करते” म्हणू नका. थोडा फाटलेला स्नायू त्याच पाच मिनिटांत जास्त फाटतो.

मग गार शेक. बर्फाचे तुकडे पिशवीत घालून ती ओल्या फडक्यात गुंडाळा आणि दहा-पंधरा मिनिटं ठेवा. दोन-तीन तासांनी पुन्हा. बर्फ थेट कातडीला लावायचा नाही. घरात फ्रीज नसेल तर शेजारी मागा, पूर्णगडकडच्या सख्यांना तर मासळीचा बर्फ मिळतोच, फक्त तो पिशवीत बंद करून वापरा. मधुमेहामुळे ज्यांच्या पायाला मुंग्या किंवा बधिरपणा आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बर्फ लावू नये.

त्यानंतर क्रेप बँडेज खालून वर गुंडाळा. बोटं निळी पडली, गार झाली किंवा मुंग्या आल्या तर लगेच सैल करा. झोपताना पायाखाली दोन उशा घ्या.

पहिले दोन-तीन दिवस चार गोष्टी टाळा: गरम शेक, जोराची मालीश, ताणून बघणं आणि दारू. आपल्याकडे लचकलं की तेल लावून रगडायची पद्धत आहे. ताज्या जखमेत आतून रक्त येत असतं, रगडल्याने ते वाढतं. आंबेहळदीचा लेप लावायचा तर लावा, कातडी फुटलेली नको, आणि चोळायचं नाही.

बर्फाबद्दल एक सांगते. १९७८ साली अमेरिकेतल्या डॉ. गेब मिर्किन यांनी विश्रांती, बर्फ, पट्टी आणि पाय उंच ठेवणं हा उपाय आपल्या पुस्तकात मांडला आणि तो जगभर पसरला. पुढे त्यांनीच सांगितलं की बर्फ आणि पूर्ण विश्रांती जास्त दिवस चालवली तर भरून यायला उशीर होऊ शकतो. तेव्हा बर्फ सुरुवातीला, ठणका कमी करण्यापुरता.

थांबू नका, दवाखान्यात जा

पाय टेकून चार पावलंही टाकता येत नाहीत. जागेवर खड्डा लागतो किंवा मोठा काळानिळा डाग पडतो. पाय बधिर होतो. इजा न होता एकच पोटरी सुजते, गरम होते, लाल दिसते, कारण ती रक्ताची गुठळी असू शकते. जास्त व्यायामानंतर लघवी काळ्या चहासारखी होते. यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा. छातीत दुखून दम लागला तर १०८ ला फोन करा. आणि रक्तदाब, मूत्रपिंडाचा त्रास, पित्त किंवा गरोदरपण असेल तर दुकानातून वेदनाशामक गोळी आणून घेऊ नका.

भरून येण्याचे दिवस

साधारण ताण दोन-तीन आठवड्यांत बरा होतो. अर्धवट फाटलं असेल तर दीड-दोन महिनेही लागतात. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून, दुखणार नाही एवढीच हालचाल सुरू करा. बसून चवडा वर-खाली करा. मग सपाटीवर थोडं थोडं चाला. ते जमलं की भिंत धरून दोन्ही टाचा दहा वेळा उचला, पुढे एकाच पायावर. चढण, पायऱ्या आणि डोक्यावरचा हंडा सर्वात शेवटी.

वाढवायचं किती, याचा नियम सोपा आहे. आज केलं आणि उद्या सकाळी दुखणं वाढलं नाही, तर थोडं वाढवा. वाढलं, तर एक पायरी मागे या. दुखरा पाय चांगल्या पायाइतक्याच टाचा उचलू लागला, चढणीवर कळ आली नाही, की मगच फुगडी.

२०२२ च्या जुलैत नीरज चोप्राने जागतिक स्पर्धेत रौप्यपदक मिळवलं, तेव्हा त्याच्या जांघेचा स्नायू ताणला. चारच दिवसांनी राष्ट्रकुल स्पर्धा होती. त्याने नाव मागे घेतलं, महिनाभर थांबला, आणि ऑगस्टअखेर लोझानच्या स्पर्धेत पहिला आला. देशासाठी खेळणारा थांबू शकतो, तर आपणही थांबू शकतो.

पण बाई थांबणार कशी?

हे मला माहीत आहे. विहिरीचं पाणी, गुरं, चूल, सासूबाईंची औषधं. “विश्रांती घे” म्हणणं सोपं, पण घरात तिची कामं कुणी उचलली नाहीत तर ती तिसऱ्या दिवशी लंगडत हंडा घेऊन निघते, आणि तीन आठवड्यांचं दुखणं तीन महिने चालतं. तेवढे दिवस मजुरीही बुडते.

गटात आपण पैशांची उचल देतो, तशी कामाची उचल का देऊ नये? दहा जणींचा गट असेल तर नऊ जणींनी पाळी लावली की एकीला आठवड्यातून एकदाच दोन हंडे जास्त आणावे लागतात. तिने ते पुढे फेडायचं. घरातल्या पुरुषांनाही सांगा. पाणी भरणं हे काही फक्त बायकांच्या पायांचं काम नव्हे.

पुढच्या सभेत हे तीन ठराव घ्या

१. प्रत्येक गटाकडे एक पिशवी: दोन क्रेप बँडेज, स्वच्छ फडकी, प्लास्टिकच्या पिशव्या.

२. सरावाआधी दहा मिनिटं जागच्या जागी चालणं, हात फिरवणं, हळू उठाबशा. शेवाळलेल्या चिऱ्याच्या अंगणात सराव नाही.

३. कुणाला लागलं तर त्याच संध्याकाळी कामाची पाळी ठरवायची.

गौरीच्या रात्री फुगडीला सगळ्या हव्यात, सख्यांनो. एखादी ओटीवर पाय लांब करून बसली असेल, तर तिला ओढू नका. तिने गाणं म्हणावं, बाकीच्यांनी फेर धरावा.