रीतीची मालकी

मालवणच्या किनाऱ्यावर रापण ओढली जाते, तेव्हां दोन तुकड्या दोन्ही दोर धरून जाळें वाळूवर आणतात. जाळ्याला मालक असतात. ओढण्याच्या रीतीला मात्र कोणी नाहीं. ती सर्वांची आहे. परंतु एखाद्यानें नवी रीत शोधून काढली, तर तिच्यावर त्याचा हक्क असावा काय? संगणकाच्या युगांत हा प्रश्न फार बिकट झाला आहे.

समजा, मालवणच्या एका तरुणानें मासेमारी होड्यांसाठीं आज्ञावली रचली. 'ऑब्जेक्ट ओरिएंटेड' पद्धतींत प्रत्येक होडी ही एक वस्तु मानतात. तिची माहिती व तिनें करावयाचीं कामें एकाच गाठोड्यांत बांधलेलीं असतात. ही मांडणी कितीहि सुबक असली, तरी केवळ तेवढ्यावर पेटंट मिळत नाहीं. १९७० च्या पेटंट कायद्याच्या ३ ऱ्या कलमानें गणिती पद्धत व निव्वळ संगणक-आज्ञावली यांना शोधांतून वगळलें आहे. मात्र त्याच आज्ञावलीनें बर्फाच्या कप्प्यांतील तपमान ओळखून शीतयंत्र नव्या रीतीनें चालविलें व इंधन वांचविलें, तर तो तांत्रिक परिणाम होय. असा दावा विचारार्ह ठरतो.

'निव्वळ' या एका शब्दावर सारा वाद आहे. ट्युनिशियाचे नागरिक फरीद अल्लानी यांनीं इंटरनेटवरील माहिती मिळविण्याच्या पद्धतीसाठीं २००२ सालीं भारतांत अर्ज केला. २००५ मध्यें तो नाकारला गेला. २०१३ मध्यें अपील मंडळानेंहि तो फेटाळला. १२ डिसेंबर २०१९ रोजीं दिल्ली उच्च न्यायालयानें सांगितलें कीं, आज्ञावलींवर आधारलेले खरे शोध नाकारले जाऊं नयेत, यासाठींच तो शब्द कायद्यांत आला आहे. अर्जाची फेरतपासणी झाली व २०२० मध्यें पेटंट देण्याचा आदेश निघाला. पेटंटची मुदत अर्जाच्या तारखेपासून २० वर्षें. हक्क हातीं आला तेव्हां ती बहुतेक सरली होती.

तें अपील मंडळ २०२१ मध्यें रद्द झालें. आतां मुंबईच्या पेटंट कार्यालयानें अर्ज नाकारला, तर तीन महिन्यांच्या आंत मुंबई उच्च न्यायालयाकडे अपील करावें लागतें. म्हणून अर्जदारानें आपल्या रीतीनें यंत्रांत कोणता पालट घडतो, तें मूळ अर्जांतच स्पष्ट मांडणें इष्ट. न्यायासनापुढेंहि दुहेरी जबाबदारी आहे. हक्क सैल दिला, तर सर्वांच्या रीतींवर एकाचें कुंपण पडतें. उशिरां दिला, तर शोधकाच्या हातीं नुसता कागद उरतो.