फॅन्कोनीचा पांडुरोग आणि अंतःस्राव-चिकित्सा

मूल फिकट दिसूं लागलें, चार पावलें चालून दमूं लागलें, कीं घरांतील वडीलधाऱ्या मंडळींना प्रथम लोहाची आठवण होते. पालेभाजी, खजूर, लोहभस्म यांची योजना होते, आणि पुष्कळ मुलें त्यानें सुधारतातही. परंतु एखादें मूल असें निघतें कीं, लोह कितीही पोटांत गेलें तरी त्याच्या गालांवर लाली चढत नाहीं. गिरणींत सुताचा सांठा भरपूर असावा, पण माग मात्र एकामागून एक बंद पडत जावेत, तशी त्याच्या शरीराची स्थिति असते. रक्ताच्या पेशी घडविणारी हाडांतील मज्जाच सुकत चाललेली असते.

अशा एका दुर्मिळ आनुवंशिक रोगाचें वर्णन स्वित्झर्लंडमधील बालरोगतज्ज्ञ ग्विदो फॅन्कोनी यांनीं १९२७ सालीं केलें. एकाच घरांतील तीन भाऊ त्यांच्या पाहण्यांत आले होते. या रोगांत कित्येक मुलांची उंची खुंटते, अंगावर कॉफीच्या रंगाचे डाग दिसतात, हाताचा आंगठा अपुरा असतो. कांहींत बाह्य लक्षण एकही नसतें. पेशींतील डी. एन. ए.चे दोन धागे कधीं कधीं एकमेकांत जखडले जातात. ती गांठ सोडविण्याची शक्ति या मुलांत जन्मतःच उणी असते. बहुधा आईबाप दोघेही निरोगी असतात, पण दोघांकडूनही एकेक सदोष जीन मुलाकडे येतो. अशा जोडप्याच्या प्रत्येक अपत्याला चारांत एक इतका धोका असतो. आतेमामे भावंडांचे विवाह ज्या कुळांत होत आले, तेथें हा योग अधिक जुळतो.

पुरुषाला दाढीमिशा व जाड आवाज देणारा टेस्टोस्टेरॉन हा अंतःस्राव रक्तोत्पत्तीलाही चालना देतो. मज्जा सुकलेल्या रुग्णांना तो दिल्यानें रक्त वाढल्याचा वृत्तांत बोस्टन येथील डॉक्टर शाहिदी व डायमंड यांनीं १९५९ सालीं प्रसिद्ध केला. पुढें ऑक्सिमेथोलोन, डॅनाझोल अशीं त्याच जातीचीं औषधें वापरांत आलीं. गुण यावयास कांहीं महिने लागतात. सुमारें निम्म्या रुग्णांत तांबड्या पेशी वाढतात, दुसऱ्याचें रक्त भरण्याची गरज कमी होते. पांढऱ्या पेशी मात्र तितक्या वाढत नाहींत.

परंतु या गुणाचें मोल मुलालाच द्यावें लागतें. हाडें अकालीं पक्व होऊन उंची थांबते. यकृतांत गांठी होण्याचें भय असतें, म्हणून रक्ताची व यकृताची तपासणी ठराविक मुदतीनें चुकवितां येत नाहीं. मुलींची अडचण याहून नाजूक. दहा-अकरा वर्षांच्या मुलीनें पुन्हां शाळेंत जाऊं लागावें, आणि त्याच सुमारास तिच्या ओठांवर लव दिसावी, आवाज जाड व्हावा! ‘जीव वांचला, मग लव कसली पाहतेस?’ असें दटावणें सोपें आहे. पण तें न्याय्य नव्हे. आवाजांतील बदल कायमचाही राहूं शकतो. हें तिला औषधापूर्वींच, तिला समजेल अशा शब्दांत, सांगितलें पाहिजे. न सांगितल्यास ती गोळ्या गुपचूप टाकून देईल आणि घरांत कोणाला कारण कळणार नाहीं. डॉक्टरांच्या कानीं घातल्यास मात्रा कमी करतां येते, किंवा डॅनाझोलसारखें त्या मानानें सौम्य औषध योजतां येतें.

शिवाय, अंतःस्राव मूळ दोष दुरुस्त करीत नाहीं. औषध थांबलें कीं रक्त बहुधा पुन्हां उतरतें, आणि ल्यूकेमियाचें संकट टळत नाहीं. मज्जेचा खरा उपाय म्हणजे जुळणाऱ्या दात्याच्या मूळ पेशींचें रोपण. १९८८ सालीं पॅरिस येथें एलियान ग्लुकमन यांनीं याच रोगाच्या एका बालकाला त्याच्या नवजात बहिणीच्या नाळेंतील रक्त दिलें. नाळेच्या रक्ताचें तें जगांतील पहिलें यशस्वी रोपण होय. रोपणानंतरही तोंडाच्या व घशाच्या कर्करोगाचा धोका राहतोच. म्हणून अशा मुलानें तंबाखूला जन्मभर स्पर्श करूं नये.

तात्पर्य, अंतःस्राव-चिकित्सा म्हणजे उसना मिळालेला काळ होय. दाता मिळेपर्यंत तो अमोल आहे. मात्र गालांवर लाली आली म्हणून रोग गेला असें समजून दात्याचा शोध व तपासण्या सोडून दिल्या, तर तो काळ व्यर्थ जातो. मुलाला बरें वाटत असतें त्याच दिवसांत आईबापांनीं अधिक जागरूक राहिलें पाहिजे.