तेल आटले तर आपल्या घरात काय होईल?

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज मी तेलाबद्दल बोलणार आहे. फोडणीच्या नव्हे, जमिनीतून निघणाऱ्या खनिज तेलाबद्दल. कुणी म्हणेल, आपल्याकडे कुठं मोटार आहे? पेट्रोलचं मोटारवाले बघतील. हा समज पहिल्यांदा डोक्यातून काढून टाका.

बाजारातला कांदा ट्रकने येतो, ट्रक डिझेलवर चालतो. शेत ट्रॅक्टर नांगरतो. युरिया खत नैसर्गिक वायूपासून करतात. चूल गेली, गॅस आला, तोही तेल-वायूतूनच निघतो. बादली, पिंप, चपला सगळं प्लॅस्टिक. आणि मी गिरणी कामगार, म्हणून सांगतो, आपल्या अंगावरच्या टेरिकॉटमध्ये कापसाबरोबर जो पॉलिएस्टरचा धागा असतो, तोसुद्धा तेलापासूनच बनतो. म्हणजे तेल कमी पडलं की नुसती गाडी थांबत नाही. भाकरी आणि कापड दोन्ही महागतात.

आपल्या देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी शेकडा ८५ हून जास्त बाहेरून येतं. १९७४ साली मुंबईजवळ समुद्रात तेल सापडलं, त्याचा मोठा आधार झाला, पण त्याने देशाची गरज भागत नाही. घरगुती गॅसही निम्म्याहून अधिक बाहेरचाच.

मागे काय घडलं ते बघा. १९७३ साली अरब देशांनी पुरवठा आवळला, आणि ३ डॉलरचं पिंप काही महिन्यांत १२ डॉलरच्या आसपास गेलं. १९९० च्या ऑगस्टमध्ये इराकने कुवेत घेतलं. तेल पुन्हा भडकलं. आपल्या सरकारची परकीय गंगाजळी आधीच तोळामासा, ती आटली आणि १९९१ साली देशाचं सोनं परदेशात गहाण पडलं. युद्ध कुवेतमध्ये, महागाई आपल्या गल्लीत!

पण खरंच तेल तुटलं तर काय होतं, हे क्यूबाने भोगलं. हा छोटा, उसाचा देश. रशियाला साखर द्यायची, स्वस्तात तेल घ्यायचं. १९९१ साली सोव्हिएत संघ कोसळला आणि थोड्याच काळात तेल निम्म्यावर आलं. तासन् तास वीज नाही. बस बंद. चीनमधून दहा लाखांवर सायकली आणल्या. ट्रकला मोठे डबे जोडून माणसं वाहिली. शेतात पुन्हा बैल आले. शहरातल्या मोकळ्या जागांत भाजी पिकवली. माणसं वाळली. अन्न निकस, म्हणून ५० हजारांवर लोकांना डोळ्यांचा आणि नसांचा आजार जडला. १९९४ साली हजारो लोक तराफ्यांवर बसून समुद्रमार्गे देश सोडून गेले.

तरी एक गोष्ट टिकली. रेशन कार्डावर थोडंच मिळे, पण सगळ्यांना मिळे. लहान मुलांचं दूध आधी बाजूला काढलं जाई. दवाखाने उघडे राहिले. एवढ्या हालातही बालमृत्यू वाढू दिले नाहीत. क्यूबा स्वर्ग आहे असं मी म्हणत नाही. २०२४ साली तो सगळा देश पुन्हा अंधारात गेला. पण धडा स्पष्ट आहे. तेल किती उरलं, एवढाच प्रश्न नसतो. उरलेलं कुणाला आधी मिळालं, हा खरा प्रश्न. सगळं बाजारावर सोडलं तर ज्याच्या खिशात पैसा त्याची गाडी चालेल, आणि आपली एस.टी. उभी राहील.

बाबासाहेब १९४२ ते ४६ व्हाईसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. विजेचा कारभारही त्यांच्याकडे होता. गरिबी हटवायची तर वीज स्वस्त आणि मुबलक पाहिजे, हे त्यांनी १९४३ सालीच मांडलं. इंधन हा गरिबाच्या राहणीमानाचा प्रश्न आहे, हे त्यांनी तेव्हाच ओळखलं होतं.

म्हणून माझं सांगणं एवढंच. रेशन दुकान, एस.टी., सरकारी दवाखाना, पालिकेचा नळ यांना कमी लेखू नका. टंचाईत हेच तारतील. ते बंद पडायला लागले तर आजच एकजुटीने आवाज उठवा, टंचाई आल्यावर नव्हे. आपल्या पोरांना सायकलची लाज वाटू देऊ नका. आणि जमेल तेव्हा वर्गणी काढून या विहाराच्या छतावर सौर वीज बसवू या, म्हणजे वस्तीत दिवे गेले तरी इथं मुलांचा अभ्यास थांबणार नाही.

जय भीम!