वैद्यापुढे मोकळे बोलावे
(महोत्सवी सभेतील भाषण)



महोत्सवाच्या या मंगल प्रसंगी आजाराविषयी बोलणे काहींस अप्रशस्त वाटेल. तथापि जुन्नर व आंबेगाव या तालुक्यांत रुग्णांस भेटावयास जाताना एक गोष्ट वारंवार आमच्या नजरेस येते, व ती सांगण्यास सर्व कुटुंबे एकत्र जमली आहेत असा आजचाच दिवस आम्हास योग्य वाटतो.

आपल्या बोलीत ‘हार्ट फेल झाले’ म्हणजे माणूस गेला. डॉक्टर मात्र ‘हार्ट फेल्युअर’ म्हणतात तेव्हा हृदय थांबले असा अर्थ नसतो. हृदय अशक्त झाले असून शरीरास लागेल तितके रक्त पुढे ढकलण्यास ते कमी पडते, एवढाच त्याचा अर्थ. त्यामुळे फुप्फुसांत व पायांत पाणी साठते, दम लागतो, घोटे सुजतात, रात्री एका उशीने भागत नाही. या एका शब्दाच्या घोटाळ्याने केवढा अनर्थ होतो! मुलगा तो शब्द ऐकून घाबरतो आणि फाइल काखेत धरून बाहेर बाकावर बसलेल्या बापास सांगतो, ‘काही नाही, अशक्तपणा आहे.’ बापास आपला आजारच ठाऊक नाही. मग त्याने मीठ का म्हणून कमी करावे?

टक्क्यांचीही तीच गत. ‘पंपिंग ३० टक्के’ असे कानी पडले की ७० टक्के हृदय मेले, असा हिशेब घरचे करितात. वस्तुतः निरोगी हृदयही प्रत्येक ठोक्यास आपल्यातील सर्व रक्त बाहेर टाकीत नाही. साधारण ५५ ते ७० टक्केच टाकते. औषधांनी पुष्कळांचा हा आकडा सुधारतो. म्हणून मागील खेपेस किती होता व आता किती आहे, हे डॉक्टरांस अवश्य विचारावे.

आहुपे खोऱ्यातला रुग्ण घोडेगावास किंवा मंचरास पोहोचेपर्यंतच दमून जातो. तेथे गर्दी, त्यात ‘कसे आहे?’ या प्रश्नास आपला माणूस भिडेपोटी ‘बरे आहे’ असे उत्तर देतो. ते सौजन्याचे असले तरी निरुपयोगी होय. ‘गेल्या महिन्यात बांधापर्यंत जात होतो, आता मोरीपर्यंत जाताना थांबावे लागते,’ असे सांगितले तर डॉक्टरांस पुष्कळ कळते. रोज सकाळी शौचास जाऊन आल्यावर, चहापूर्वी, वजन करून वहीत टिपावे. दोनतीन दिवसांत २ किलो वाढले, तर ते अंगावर चढलेले मांस नव्हे, साठलेले पाणी होय; पुढील तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी कळवावे.

लपवाछपवीविषयीही बोलणे भाग आहे. एस. टी.ने पुण्यास जावयाचे म्हणून पाण्याची गोळी चुकविणारे आम्हास पुष्कळ ठाऊक आहेत. गुडघेदुखीची गोळी दुकानातून परस्पर आणणारे त्याहून अधिक. तशा कित्येक गोळ्यांनी अंगात मीठ व पाणी साठते आणि अशक्त हृदयावर भार पडतो. औषध परवडत नसेल तर तेही सांगावे. डॉक्टर काही प्रायश्चित्त देत नाहीत, गोळीची वेळ बदलून देतात! आणि सोबत फक्त थोरल्या मुलाने जाऊ नये. स्वयंपाक करणाऱ्या सुनेसही न्यावे. ठेचा, लोणचे, पापड, सुकट यांचा खरा हिशेब तिच्याचपाशी असतो.

आता अवघड प्रश्न: पुढे काय? त्रिवेंद्रमच्या श्री चित्रा संस्थेच्या पुढाकाराने २०१३ साली या विकाराच्या १,२०५ रुग्णांची नोंद ठेवण्यात आली. त्यांचे सरासरी वय सुमारे ६१ होते, आणि तीन वर्षांत शंभरांतील सुमारे ४५ दगावले. परंतु ज्यांस योग्य औषधे मिळाली त्यांच्यात मृत्यू कमी होते, हेही त्याच नोंदीत आहे. म्हणून सत्य लपविण्यात दया आहे असे आम्हास वाटत नाही. ‘बाबा, डॉक्टर जे सांगतील ते तुम्हास ऐकावयाचे आहे की आम्ही ऐकू?’ असे रुग्णासच विचारावे, आणि तो म्हणेल तसे करावे.

कृत्रिम श्वासाचे यंत्र लावावे की नाही, हे मध्यरात्री रुग्णालयाच्या दारात ठरवू नये. शुद्धीवर असताना बोलावे. प्रत्येक असाधारण उपाय योजण्याचे बंधन ख्रिस्ती मनुष्यावर नाही, हे पोप बारावे पायस यांनी १९५७ साली डॉक्टरांपुढेच सांगितले होते. आपली इच्छा आगाऊ लिहून ठेवण्यास सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली मान्यता दिली व २०२३ साली त्याची रीत सोपी केली.

रुग्णाभ्यंगासाठी आम्हास बोलाविण्यासही लोक घरघर लागेपर्यंत थांबतात. हा संस्कार केवळ मरणाऱ्यांसाठी नसून गंभीर आजाऱ्यांसाठी आहे, हे महासभेने १९६३ सालीच स्पष्ट केले आहे. आम्ही ओसरीवर दिसलो म्हणून शेजाऱ्यांनी रडू लागण्याचे कारण नाही.

ज्यांस डॉक्टरांस विचारावयाचे प्रश्न लिहिता येत नसतील, त्यांनी रविवारच्या मिस्सानंतर आम्हाकडे यावे. वही आणि वजनकाटा मंदिराशेजारच्या खोलीत ठेविला आहे.